मंतर न चालणारं पुस्तक

गुणवंतराव : तसं नाई नेता येत, पोरी. बाबूभाईचं हाय, हे कबूल. तू त्याची नातीन हाय, हे बी कबूल, नाक त त्याचंच लावलं हाय तुले. पन पुस्तक आता गावाचं झालं.

आफ्रीन : मामा, मी न्यायला आली असं कुठे म्हटलं? आधी पाहू तर द्या. चंद्रपूरहून दोन गाड्या बदलून आली मी.

गुणवंतराव : पाह्याले कोन नाई म्हनते? ते पाहा, देवाच्या फळीवर, लाल फडक्यात. झालं पाहून?

आफ्रीन : हे तर फडकं झालं.

गुणवंतराव : आमी बी फडकंच पाह्यतो. खोलत नाई कोनी. शकू, चहा ठेव वं. साखर जास्त टाक, चंद्रपूरचे लोकं गोड पेते.

शकुबाई : तुमालेच गोड पाह्यजे. पाहुनीचं नाव काऊन घेता?

आफ्रीन : नाना तर आम्हाला म्हणायचे, पुस्तक वैनगंगेत पडलं. डोंग्यातून उतरताना हातातून सुटलं. सगळ्या घराला हीच गोष्ट पाठ आहे. पुस्तक इथं आहे हे आत्ता तुमच्याकडूनच कळलं.

गुणवंतराव : नदीत? बाबूभाई असं बोलला? अवो, आयकलं का? दरसाल धान कापनं झालं का इथी येऊन ह्याच सपरीत बसे तो, पुस्तकासमोर. अन घरी सांगे नदीत पडलं म्हनून?

शकुबाई : चहात अद्रक टाकू का बाई?

आफ्रीन : टाका मामी. अम्मीच म्हणाली मला. म्हणे, अब्बा दर वर्षी त्या गुणवंताच्या गावी कशाला जायचे, एकदा विचारून तर ये. बांगड्यांचा धंदा बंद झाला तरी जायचे.

गुणवंतराव : शेवटी त डोळ्याले दिसे नाई, तरी आला होता. पन तुले काऊन पाह्यजे ते आता?

आफ्रीन : मी नागपूरला शिकते. जुन्या पुस्तकांवर काम आहे माझं. हे पुस्तक कोणी छापलं, कोणाकडून कोणाकडे गेलं, ते सगळं लिहायचं आहे. इंग्रजांच्या वेळेस सिरोंच्याच्या कचेरीत एक मुन्शी होते. त्यांनी हे हैदराबादेत दगडावर छापून घेतलं, स्वतःच्या खिशातून. थोड्याच प्रती. बाकीच्या वाळवीनं खाल्ल्या, नाहीतर पाण्यात गेल्या. आता सापडत नाही कुठेच.

गुणवंतराव : सोताच्या पैशानं छापून वाटलं? पुन्याचं काम केलं मानसानं.

आफ्रीन : पुण्याचं... हो, तसंही म्हणा. त्यांनी ही प्रत चांद्याच्या एका हकीमसाहेबांना दिली. त्यांचा ताप हकीमांनी उतरवला होता. हकीमांच्या मुलीनं लग्नात हे आपल्या पेटीत टाकून आणलं, साड्यांच्या खाली लपवून. सासरी कळलं असतं तर बोलले असते.

गुणवंतराव : काऊन? असं पुस्तक आनलं त सासरच्याईनं डोक्यावर घ्यावं.

आफ्रीन : ती नानांची आजी. तिच्याकडून नानांकडे आलं. आणि नाना हे घेऊन बाजार बाजार फिरायचे.

गुणवंतराव : अन आमच्याकडं कसं आलं ते माह्याकडून आयक. माह्या बापानं त्याले चामोर्शीच्या बाजारातून बैलबंडीत टाकून आनलं. तापानं फनफनत होता. बांगड्याची पेटी लोकाईनं उचलून ठेवली, त्याचं ध्यान बी नाई. पन हे पुस्तक छातीशी धरलेलं. सुद नाई, बुद नाई, बोटं सोडे नाई. मायनं दूध पाजलं, तरी एक हात पुस्तकावर. तवाच आमी समजलो, इतकं घट्ट मानूस कोनतं पुस्तक धरते! बरा झाल्यावर म्हने, पावसाचं भिजन, पुढच्या बाजारले येऊन नेतो. अन त्या मधातच आमच्या घरी जे झालं ते झालं.

आफ्रीन : काय झालं?

शकुबाई : चहा घे. थंडा होते.

गुणवंतराव : ते राहू दे. तवापासून गावात कोनती बी शपत ह्याच्यावरच. वावराच्या धुऱ्याचं भांडन असो, कोंबडीचं असो. दसरूनं सुकलूचा बैल लपवला होता. लय छाती ठोकून आला शपत घ्याले. फडक्याजवळ हात नेला, अन काय झालं कोन जाने, म्हने, थांबा, बैल माह्या साळ्याच्या वाडीत हाय, पान्याचं पाहा, तहानला असन!

आफ्रीन : कमाल आहे.

गुणवंतराव : कमाल नाई, भेव हाय. दुसऱ्याच्या देवाचं भेव जास्त असते. आपला देव कसा, घरचा, समजून घेते. हात ठेवाचा अन म्हनाचं, केलं असन त ह्याच्या पायी मरन. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत मानसाले काई नाई झालं, का तो सुटला. मंग कोनी तोंड उघडाचं नाई. कुरानावरची शपत हाय, मजाक हाय काय?

आफ्रीन : कुराणावरची?

गुणवंतराव : मंग काय पोथीवरची? तू बी काय इचारतं! तू त आज देवासारखी आली, पोरी. खरं सांगतो. आज बुधरीची शपत हाय.

आफ्रीन : बुधरी कोण?

गुणवंतराव : हाय एक, गावाच्या टोकाले राह्यते, एकटी. बिरजूचं पोरगं गेलं पोळ्याच्या टायमाले. तिनं त्याले आपल्या झाडाचा पिकला जाम देल्ला खाले, अन त्याच राती ताप आला. दवाखान्यात नेता नेता गेलं. आता बिरजू म्हनते, टोनही हाय, जादूटोना करते, तिनंच खाल्लं. मी म्हनलं, शपत घेऊ दे तिले. त बिरजू काय म्हनते? बारावी शिकला हाय तो. म्हने, काका, फडक्यात काय हाय कोनी पाह्यलं? कुरान हाय का किराण्याचं पुस्तक हाय? मले शपत मंजूर नाई.

आफ्रीन : मग?

गुणवंतराव : मंग काय, तू हाय ना! तू त्याईच्यातली, वाचता येते, बाबूभाईची नातीन. तू फडकं खोल, पाह्य, अन बिरजूले सांग. एका शब्दाचं काम. तुह्या तोंडून निघालं का झालं. आन ते खाली, शकू. पोरीले पाहू दे. मी सगळ्याईले घेऊन येतो.

(गुणवंतराव बाहेर जातात. शकुबाई फळीवरून लाल फडकं उतरवून आफ्रीनसमोर ठेवतात.)

शकुबाई : खोल बाई. गाठ पक्की हाय, दातानं ओढ.

आफ्रीन : मामी, तुम्ही बसा आधी. मला एक सांगायचं आहे आणि कसं सांगू ते समजून नाही राहिलं.

शकुबाई : ते कुरान नाई, हेच ना?

आफ्रीन : तुम्हाला माहीत आहे?

शकुबाई : तुह्या नानानंच सांगतलं. गान्याचं पुस्तक हाय म्हने. दारूचे गाने, पिरमाचे गाने.

आफ्रीन : आणि मामांना?

शकुबाई : ह्याईच्या पोटात गोठ राह्यते काय? गावाले दवंडी देल्ली असती. नाई सांगतलं. आजवर नाई सांगतलं.

आफ्रीन : तेव्हा घरात झालं ते काय होतं मामी?

शकुबाई : तेच, जे आज बुधरीचं हाय. मी नवी नवरी होती. जाऊचं लेकरू तापलं होतं, मी त्याले आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी गेलं. सासू म्हने, हिचीच नजर. मंग जाऊनं धरलं, मंग लोकाईनं. मारत मारत चावडीवर नेलं. मी म्हनलं, मले मातामायसमोर उभं करा, शपत घेते. त भगत म्हने, काई उपेग नाई. मातामाय हिनं मंतरानं बांधली असन. इथले सारे देव हिच्या हातचे.

आफ्रीन : मग तुम्ही कशानंच सुटू शकत नव्हत्या.

शकुबाई : कशानंच नाई. तवा सासरा घरी गेला अन हे घेऊन आला. म्हने, हे बाबूभाईचं कुरान. ह्याची भाषाच येगळी, हिचा मंतर ह्याले समजनार नाई. ठेव हात. ठेवला मी. बाजार ते बाजार जिती राह्यली. सासरा लय हुशार मानूस होता का लय भोळा, ते मले आजवर समजलं नाई.

आफ्रीन : आणि नाना कधी आले?

शकुबाई : मंग आला तो. पुस्तक न्यालेच आला होता. पन आधी माह्या हाताकडं पाह्यलं. माराच्या टायमाले साऱ्या बांगड्या फुटल्या होत्या ना. मले समोर बसवलं अन भरून देऊ लागला. बांगड्या भरता भरता मी सारं सांगून देल्लं त्याले. माय नोती माही, कोनाले सांगाव? त्याचा हात तसाच राह्यला, बांगडी मुठीवर अडकलेली. म्हने, शकू, ते गान्याचं पुस्तक हाय वं.

आफ्रीन : तुम्ही काय म्हटलं?

शकुबाई : मले हासू आलं. एवढा मार खाल्ल्यावर पह्यल्यांदा हासली. अन मंग लय भेव वाटलं. मी म्हनलं, घेऊन जा भाऊ, तुमचं हाय. त्यानं अडकलेली बांगडी वर सारली. मंग म्हने, नेलं त हे लोकं तुले जिती ठेवनार नाई. अन ठेवलं त अल्ला मले इचारन, का रे, माह्या कलामाच्या नावावर तू गाने ठेवले? मंग म्हने, त्याले मी समजावून सांगन. ह्या गावाले समजावनं माह्याच्यानं होनार नाई.

आफ्रीन : आणि आम्हाला म्हणाले, नदीत पडलं.

शकुबाई : त्याचा लय जीव होता ह्याच्यावर. मी एकदा म्हनलं, भाऊ, घरात कोनी नाई, खोलून पाह्यता का? नाई म्हने. खोललं त वाचीन, वाचलं त गुनगुनीन, अन गुनगुनलो त कोनी ना कोनी आयकन. फडक्यावरून हात फिरवे अन जाय.

आफ्रीन : आमच्या दुकानात बांगड्या लावताना नाना एकच ओळ म्हणायचे, नेहमी तीच. पुढची ओळ यायचीच नाही. अम्मी चिडायची, म्हणायची, अब्बा, आता पुढे तरी जा. आम्हाला वाटायचं म्हातारपण आहे.

शकुबाई : खोल ना आता. मी बी पाह्यलं नाई अजून. कशावर हात ठेवला ते त समजू दे.

आफ्रीन : थांबा... हे पाहा. कोपरे गेले, पण आतून शाबूत आहे. या अल्ला. मामी, शाई किती काळी राहिली अजून. पहिल्या पानावर मालकांची नावं आहेत. हे हकीमसाहेब, शिक्का मारला आहे. ही नानांची आजी, तिनं नाव नाही लिहिलं, फक्त एक पान काढलं आहे मेंदीचं. आणि हे नाना.

शकुबाई : हे बाबूभाईचं नाव? मोठं वाकडं हाय.

आफ्रीन : अक्षर खराबच होतं त्यांचं.

शकुबाई : रडू नोको. पानावर पडन.

आफ्रीन : नाही रडत. नानांच्या खाली जागा रिकामी आहे. कोणाचं नाव येईल इथं? अम्मीचं, का तुमचं, का गावाचं?

शकुबाई : मले लिवता येत नाई. अन गावाचं लिवाव एवढं गाव चांगलं नाई. तू वाच.

आफ्रीन : हे एक ऐका. मराठीत सांगते. मशिदीला निघालो होतो, वाटेत मोहफुलं पडली होती. वास मला घेऊन गेला. आता अजान झाली की माझ्याऐवजी मोहाच्या झाडाला विचारा, मुन्शी कुठे आहे.

शकुबाई : मोहाच्या दारूवर! म्या मोहाच्या दारूवर शपत घेतली? अन दसरूनं बी? मंग बराबर हाय बाई. ह्या गावात दुसऱ्या कशाले भेत नाई दसरू.

आफ्रीन : आणि ही... मामी, हीच ती ओळ. नानांची. सिरोंच्याला दोन नद्या भेटतात, तिथं मी रोज उभा राहतो.

शकुबाई : पुढं?

आफ्रीन : दोघींनी एकमेकींचं नाव टाकून दिलं. माझं विचारायची त्यांना गरजच पडली नाही.

शकुबाई : एवढंच?

आफ्रीन : एवढंच.

शकुबाई : चांगलं हाय. हे बी शपतीले चालन.

आफ्रीन : मामी, मस्करी नका करू. ते लोक येतील आता. मी काय सांगू? मी मुसलमान आहे. याला कुराण म्हणणं माझ्या तोंडून निघणार नाही. ते माझ्यासाठी साधं खोटं नाही.

शकुबाई : म्या तुले म्हन असं म्हनलं काय? नोको म्हनू.

आफ्रीन : आणि खरं सांगितलं तर?

शकुबाई : बिरजू नाचत जाईन बुधरीच्या घराकडं. तिचं घर कुडाचं हाय.

आफ्रीन : पोलीस?

शकुबाई : येते ना. जीप येते, लिवून घेते, चहा पेते, जाते. बुधरीले इथीच राहा लागते. मले बी आवडत नाई बुधरी, खरं सांगते. तोंडाची लय फाटकी हाय. मले सुदी एकदा टोनही म्हनली होती नळावर. पन जाम त तिनं मायेनंच देल्ला असन ना त्या लेकराले? तिच्याजवळ देयाले दुसरं हाय तरी काय?

आफ्रीन : आणि बिरजू?

शकुबाई : त्याचं लेकरू गेलं, बाई. त्याले कोनीतरी पाह्यजे. तापाले कुठी धरता येते?

आफ्रीन : मी दोन वर्षं याची एक तरी प्रत शोधून राहिली, मामी. हे मिळालं तर माझं काम उभं राहते, नाहीतर नुसत्या ऐकीव गोष्टी. आमचे सर म्हणतात, प्रत कोणाकडे आहे, गाव, घर, मालक, सगळं लिहायचं. मी लिहिलं की छापून येईल. पेपरवाले येतील.

शकुबाई : बिरजू पेपर वाचते.

आफ्रीन : म्हणजे आज गप्प बसली तर कायमचं गप्प बसावं लागेल. आज बुधरीला सोडवायचं आणि उद्या छापून तिची शपथ मोडायची, असं नाही होत.

शकुबाई : नाई होत.

आफ्रीन : फक्त तिचीच नाही. तुमचीही मोडेल.

शकुबाई : माही मोडली त मोडू दे. म्हातारी झाली मी, आता मले कोन मारते? पन सारं तुह्यावर हाय. त्या वक्ती तुह्या नानाले मी काई सांगतलं नाई, घेऊन जा एवढंच म्हनलं. तुले बी तेच म्हनते. न्या लागत असन त आताच पिशवीत टाक, मागच्या दारानं जा. एस.टी. भेटून जाईन. मी ह्याईले पाहून घेईन.

आफ्रीन : आणि बुधरीला?

शकुबाई : तिले नाई पाहता येनार मले.

आफ्रीन : आले वाटते ते. फडकं द्या इकडे. कशी बांधायची गाठ?

शकुबाई : जशी येते तशी बांध. कोनी पाह्यत नाई.

गुणवंतराव : चाल पोरी, जमले सारे. बुधरीले आनलं. भिंतीले टेकून बसली हाय, आज पह्यल्यांदा तिच्या तोंडातून आवाज नाई. बिरजू हा इथीच, दाराशी उभा हाय. तो म्हने, पोरीनं पाहून सांगतलं त मी सोताच उचलून बुधरीसमोर नेतो, मंग मले शपत मंजूर. पाह्यलं ना खोलून?

आफ्रीन : पाहिलं.

गुणवंतराव : वाचलं?

आफ्रीन : वाचलं.

गुणवंतराव : मंग सांग ना माय. त्याले आयकू येईन असं सांग.

आफ्रीन : बिरजूभाऊ कुठून आले?

गुणवंतराव : कुठून मंजे? धानाच्या बांदीतून सिदा आला. चिखलाचा हाय. काऊन?

आफ्रीन : मामा, असं नाही उचलत हे. चप्पल बाहेर काढायला सांगा. आणि आधी हात धुवा म्हणा, कोपरापर्यंत. आमच्या घरात न धुतलेला हात याला कोणी लावला नाही. कधीच नाही.

गुणवंतराव : आयकलं का रे बिरजू? अं? मान खाली काऊन घातली? काढ चप्पल. अन पोरी, आमाले हे कोनी सांगतलंच नाई इतक्या साल. आमी त गोठ्यातून येऊन हात ठेवले ह्याच्यावर. आधीच्या शपती बाद होते का काय?

आफ्रीन : नाही मामा. त्या राहतात.

गुणवंतराव : मंग ठीक. शकू, गुंडातून पानी काढ. कोनाले तरी सांग त्याच्या हातावर टाकाले.

शकुबाई : दुसऱ्या कोनाले काऊन? सरका तिकडं. मीच टाकते. ये रे बिरजू, कर हात समोर.